क्लच पुन्हा पुन्हा बसतोय? पार्ट बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा

पेडल खाली जाऊन बसतं, लोअर सिलिंडर बदलला जातो, एअर (ऑइलच्या पाइपात अडकलेली हवा) काढली जाते, गाडी महिना-दोन महिने नीट चालते आणि पुन्हा तेच. मग अप्पर सिलिंडर बदलतात. मग गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीसकट क्लच प्लेटचा पूर्ण सेट पडतो. एवढं करूनही रिव्हर्स टाकताना करकर असतेच. अशा गाड्यांत टाकलेले पार्ट बहुतेक वेळा चांगले असतात, चुकलेला असतो तो क्रम. पायाने दिलेली हालचाल वाटेत नेमकी कुठे कमी पडते, हे कुणी मोजलेलंच नसतं.

ती वाट अशी आहे: पेडल, पुशरॉड, अप्पर म्हणजे मास्टर सिलिंडर, पाइप आणि रबरी होज, लोअर म्हणजे स्लेव्ह सिलिंडर, फोर्क म्हणजे बेअरिंगला ढकलणारा दांडा, रिलीज बेअरिंग, क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट. तपासणी याच क्रमाने करायची. त्यामुळे फुकटातली कामं आधी होतात आणि गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय सगळ्यात शेवटी, पुराव्यानिशी घेता येतो.

दोन गोष्टी आधी पाहून घ्या. पहिली, तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून पुढे पोचवणारा) आहे ना? मारुती ८०० किंवा आल्टोसारख्या गाड्यांत केबल असते, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. दुसरी, लोअर सिलिंडर कुठे आहे? इनोव्हासारख्या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेर, फोर्कला ढकलणाऱ्या रॉडसह दिसतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत, रिलीज बेअरिंगसकट एकत्र असतो. आतला सिलिंडर बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून अशा गाडीत निदान चुकलं तर भुर्दंड मोठा.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू: चांगली बॅटरी, स्टीलची पट्टी, खडू किंवा मार्कर, पांढरा कागद, फडकी, पाइपच्या नटाला बसणारा खास पाना (साध्या पान्याने हे नट गोल होतात), निप्पलवर (लोअरवरच्या, एअर काढायच्या स्क्रूवर) घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, जॅकखेरीज मजबूत स्टँड, हातमोजे, चष्मा, बादलीभर पाणी. आणि पेडल दाबायला एक माणूस, सांगितल्याशिवाय पाय न उचलणारा.

ब्रेक ऑइल सीलबंद डबीतलंच आणा. डॉट ३ की डॉट ४ ते ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. शेल्फवर वर्षभर उघडी पडलेली अर्धी डबी वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत तर आणखी लवकर.

सावधान: ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं फडक्याने पुसू नका. तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर पेटूही शकतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

एक कागद घ्या आणि प्रत्येक निरीक्षण लिहा: इंजिन थंड होतं की गरम, पेडल कितव्या दाबाला उचललं, आकडा किती आला. हा कागद पुढे गॅरेजमध्ये द्यायचा आहे.

## टप्पा १: तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

"क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर काम सुरू होतं आणि तिथेच पहिली चूक होते. क्लच नीट न सुटणं (पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे न होणं) आणि क्लच घसरणं (पेडल सोडूनही पूर्ण पकड न बसणं) या उलट्या तक्रारी आहेत.

इंजिन बंद ठेवून तपासणी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवून हेच पुन्हा करा.

- बंद इंजिनला गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनला अडतात: क्लच पूर्ण सुटत नाही. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी.
- दोन्ही वेळा अडतात: गिअरची केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्स पाहा. क्लचचे पार्ट बदलून काही होणार नाही.

रिव्हर्सची तपासणी. इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून मनात पाच आकडे मोजा, मग हळूच रिव्हर्स टाका. करकर झाली तर प्लेट अजून फिरते आहे. आता पेडल तीन-चार वेळा पंप करून पुन्हा तसंच करा. पंप केल्यावर गिअर अलगद पडला तर दोष बहुतेक हायड्रॉलिकमध्ये आहे: एअर तरी आहे किंवा अप्पर तरी गेला आहे. पंप करूनही फरक शून्य असेल तर संशय पुढच्या भागांवर जातो.

घसरण्याची तपासणी. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतोय. प्लेट झिजली असण्याची शक्यता मोठी, पण प्लेट नवी असूनही घसरत असेल तर टप्पा ७ वाचल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नका. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, इंजिन बंद पडतं का ते वारंवार पाहण्याची पद्धत टाळा. त्यात चांगली प्लेटही भाजते.

## टप्पा २: पेडलपाशी हरवणारी हालचाल

सर्वात आधी मॅट. जाड मॅट, त्याच्यावर कापडी मॅट, त्याच्यावर पावसाळ्यात टाकलेला रबरी तुकडा, आणि पेडल तळापर्यंत पोचतच नाही. सगळ्या मॅट काढून टप्पा १ मधली रिव्हर्सची तपासणी परत करा. हास्यास्पद वाटेल इतकी साधी गोष्ट आहे, पण मोजणी हिच्याशिवाय सुरू करू नका.

मग बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला. पेडल हाताने बाजूला हलवून पाहा. पेडल आणि पुशरॉड जोडणारी पिन झिजते, तिचं गोल भोक लांबट होतं. तिथे गेलेली २ मिमी हालचाल पेडलच्या टोकाशी दहा-बारा मिमी होते. बुश, ब्रॅकेटचं वेल्डिंग, कुठे तडा आहे का, तेही पाहा.

आता बॉनेट उघडा. मदतनीस पेडल जोरात दाबतोय तेव्हा अप्पर सिलिंडर स्वतःच पुढे सरकतो का? सरकत असेल तर त्याचे नट ढिले आहेत, किंवा मागचा पत्रा वाकतो आहे. जुन्या, गंजलेल्या गाड्यांत हे खूप दिसतं, आणि तिथे तीन अप्पर बदलले तरी तक्रार तशीच राहते.

पुशरॉडची मोकळीक. पेडल बोटाने दाबा. पुशरॉड पिस्टनला टेकेपर्यंत किंचित मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. मोकळीक जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. मोकळीक शून्य असेल तर पिस्टन मागे येत नाही, ऑइल टाकीकडे परत जायचं बारीक छिद्र बंद राहतं आणि तापलेलं ऑइल फुगून क्लच आपोआप थोडा दाबलेलाच राहतो. "पेडल उंच आणून देतो" म्हणून पुशरॉड फिरवून दिलेल्या गाड्यांत पुढे प्लेट जळते, ती यामुळेच.

## टप्पा ३: ऑइल काय सांगतं

आधी स्तर. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, क्लचची नळी टाकीच्या बाजूला जरा वरून निघते. क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली राहावं म्हणून ही सोय. तरीही स्तर घसरत असेल तर गाडी चालवत राहू नका.

क्लचची टाकी वेगळी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लेट झिजत जाते तसा लोअरचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि टाकीतला स्तर किंचित वाढतो. म्हणजे स्तर घटला तर गळती आहेच. "झिजेमुळे कमी झालं असेल" हे ब्रेकच्या टाकीबाबत खरं असू शकतं, क्लचच्या बाबतीत नाही.

मग रंग. फिकट पिवळसर ठीक. तपकिरी म्हणजे जुनं. नवीन भरून थोड्याच दिवसांत काळं पडलं तर आतलं रबर झिजून त्यात मिसळतंय.

शेवटी झाकणाखालचं रबर. ते फुगलेलं, चिकट, आपल्या खाचेत न बसणारं झालं असेल तर आत कधीतरी इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा डिझेल गेलंय. या सिस्टीमचं रबर खनिज तेलात फुगतं. अशा वेळी एकच किट (सिलिंडरच्या सीलांचा संच) टाकणं म्हणजे पैसे पाण्यात: दोन्ही सिलिंडर, होज, झाकणाचं रबर सगळं बदलून लाइन धुवावी लागते.

सावधान: टाकी ब्रेकसोबत एकत्र असेल आणि चुकीचं तेल गेल्याचा संशय असेल, तर गाडी तिथेच उभी करा आणि टो करून न्या. ब्रेकची रबरंही तेच तेल पीत आहेत.

## टप्पा ४: गळती शोधण्याच्या चार जागा

कोरड्या फडक्याने सगळं पुसून घ्या, पेडल वीस-तीस वेळा दाबा, मग पाहा.

१. केबिनच्या आत, पेडलमागे. अप्परचं मागचं सील गेलं तर ऑइल पुशरॉडवरून आत येतं आणि मॅटखालच्या फोममध्ये मुरतं. बाहेर थेंबही दिसत नाही. पुशरॉडवरचं रबरी बूट सरकवून आत पांढरा कागद फिरवा.

२. पाइपचे जोड. प्रत्येक नटाखाली कागद धरा. बँजो बोल्ट (मधून ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचा वॉशर पाहा. जुनाच वॉशर परत लावला असेल तर तिथून बारीक पाझर असतो, आणि तिथूनच हवाही आत जाते.

३. बाहेरच्या लोअरचं बूट. बूटाची कड उचला. आत ओल असेल तर सील गेलं, थेंब बाहेर पडायची वाट पाहू नका.

४. बेल हाउसिंगचा तळ. लोअर आत असेल तर गळती इथून ठिबकते. पण इथे इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइलही येऊ शकतं.

ओळखायचं कसं: तो थेंब पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. इंजिन आणि गिअर ऑइल वर तरंगतं. गिअर ऑइलचा उग्र वास वेगळा कळतो. ही एक मिनिटाची तपासणी न करता बरेच आतले सिलिंडर विनाकारण बदलले जातात, आणि खरा दोष असतो मागच्या ऑइल सीलचा.

## टप्पा ५: लोअरच्या रॉडची हालचाल मोजा

पूर्ण तपासणीत हा टप्पा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त टाळला जाणारा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाकांना ठोकळे. लोअरच्या रॉडवर किंवा फोर्कच्या टोकावर मार्करने खूण करा, शेजारी पट्टी धरा. मदतनीसाला पेडल दाबायला सांगा आणि चार मापं घ्या.

- अ: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, पहिल्याच पूर्ण दाबाला.
- ब: पेडल तसंच एक मिनिट धरून ठेवल्यावर.
- क: पाच-सहा वेळा पंप केल्यावर.
- ड: गाडी ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात चांगली तापून आल्यावर. सायलेन्सरपासून हात जपा.

बऱ्याच गाड्यांत पूर्ण हालचाल १२ ते १८ मिमीच्या आसपास असते. पण मॅन्युअलचा आकडा हाताशी नसला तरी चारही मापांतला फरक बोलका असतो.

अ कमी, क जास्त. लाइनमध्ये एअर आहे. ऑइल आधी हवा दाबण्यात खर्च होतं. एअर काढा, पण ती आत कुठून आली हेही शोधा (टप्पा ४). काढलेली एअर पंधरा दिवसांत परत आली तर ती कुठल्यातरी सीलमधून ओढली जात आहे.

अ ठीक, ब मध्ये घट, बाहेर गळती नाही. अप्परच्या आतलं सील ऑइल मागे सोडतंय. याची पक्की खूण: पेडल झटकन दाबलं तर क्लच ठीक, अगदी सावकाश दाबलं तर सुटतच नाही. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून थांबलेली गाडी आपोआप पुढे सरकायला लागते ती याचमुळे. टाकीचं झाकण उघडून आत पाहा (डोळ्याला चष्मा लावून). पेडल दाबण्याच्या सुरुवातीला ऑइल जरा हललं तर ते बरोबर आहे. पेडल धरून ठेवलेलं असतानाही ते आत येत राहिलं तर अप्पर गेला.

अ, ब, ड ठीक, पण पेडल सोडल्यावर रॉड पूर्ण मागे येत नाही. दाब अडकतोय, टप्पा ७ पाहा.

अ, ब, क ठीक, ड कमी. ऑइलमध्ये पाणी आहे, किंवा तापल्यावर होज फुगतोय. नव्या डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४०. पाइप सायलेन्सरजवळून जात असेल तर त्यावरचं उष्णतारोधक आवरण शाबूत आहे का पाहा. दुरुस्तीत ते काढून ठेवलं जातं आणि परत लागत नाही.

चारही मापं सारखीच, पण कमी, आणि पेडल कडक. इथे एअरचा दोष नाही. एक तर पेडलपाशी हालचाल हरवतेय, किंवा चुकीच्या व्यासाचा सिलिंडर बसला आहे. हा प्रकार समजतो त्याहून अधिक घडतो, कारण दोन मॉडेलचे सिलिंडर बाहेरून सारखे दिसतात. हिशेब पाहा: अप्परचा व्यास १५.८७ मिमी, लोअरचा १९.०५ मिमी आणि अप्परच्या पिस्टनची चाल ३० मिमी असेल, तर लोअरचा रॉड साधारण २०.८ मिमी जातो. तिथे २०.६४ मिमीचा लोअर बसवला तर तेवढ्याच पेडलला रॉड जातो १७.७ मिमी. तीन मिमी गेले, आणि रिव्हर्स करकरायला तेवढं पुरतं. व्यास बहुधा सिलिंडरच्या अंगावर ओतलेला असतो. जुना आणि नवा शेजारी धरून वाचा.

चारही मापं भरपूर, तरी क्लच सुटत नाही. हायड्रॉलिक निर्दोष आहे. टप्पा ८ वर जा.

लोअर आत असेल तर रॉड दिसत नाही. मग इंजिन चालू, ब्रेक दाबलेला आणि पहिला गिअर टाकलेला असताना पेडलशेजारी पट्टी उभी धरून क्लच पकडतो ती उंची मोजा आणि याच चार स्थितींत नोंदवा. पेडल जमिनीपासून किती उंच असताना इंजिनचा आवाज पडायला लागतो तेवढंच पाहायचं आहे. पंप केल्यावर ही उंची बदलली तर दोष हायड्रॉलिकमध्ये.

## टप्पा ६: अप्पर की त्याच्या पुढचं काही?

लाइनमध्ये साधा रबरी होज असेल तर त्यासाठीच्या गोल कडांच्या होज क्लॅम्पने तो दाबून बंद करा आणि पेडल हळू दाबा.

- पेडल वरच्या वर कडक झालं आणि तिथेच राहिलं: अप्पर चांगला आहे, दोष क्लॅम्पच्या पुढे.
- पेडल तरीही हळूहळू खाली गेलं: अप्पर.
- खाली जात नाही पण मऊ लागतं: अप्परमध्ये किंवा वरच्या पाइपात एअर.

सावधान: पक्कड किंवा व्हाइस ग्रिपने होज दाबू नका, आतला थर फाटतो. प्लास्टिकचा किंवा स्टीलची जाळी असलेला पाइप कधीच दाबू नका. अशा गाडीत अप्परच्या तोंडाला योग्य आट्यांचा प्लग लावून हीच तपासणी करता येते.

जाता जाता होजवर हात ठेवून मदतनीसाला पेडल दाबायला लावा. होज हाताला फुगताना जाणवला तर तो बदला.

## टप्पा ७: नवी प्लेट असूनही घसरत असेल तर

गाडी थंड असताना ठीक, अर्ध्या तासाने घसरते, थोडा वेळ थांबवली की परत ठीक. ही प्लेटची लक्षणं नव्हेत. लाइनमध्ये दाब अडकलेला असतो.

घसरायला लागली की सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. आधी अप्परच्या तोंडाचा नट अर्धा फेरा ढिला करा, खाली फडकं धरून. ऑइल दाबाने आलं आणि घसरणं थांबलं, तर पुशरॉडची मोकळीक नाही, परतीचं छिद्र बुजलंय किंवा अप्परचं सील फुगलंय. तिथे काही झालं नाही आणि खाली लोअरचं निप्पल उघडल्यावर दाब सुटला, तर मधला होज आतून सुजून बंद झालाय. बाहेरून असा होज नवाकोरा दिसू शकतो. तपासणीनंतर एअर काढावीच लागेल, आणि इंजिनची उष्णता विसरू नका.

## टप्पा ८: गिअरबॉक्स उतरवण्याआधी शेवटची तपासणी

हालचाल पूर्ण पोचते आणि तरी क्लच सुटत नाही, तेव्हा दोष आत: वाकलेला किंवा तडकलेला फोर्क, झिजलेला पिव्हट, प्रेशर प्लेटची बोटं, उलटी बसलेली प्लेट, इनपुट शाफ्टच्या गंजलेल्या खाचा. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी अचानक अशी वागली तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली असण्याची शक्यता आधी धरा.

एक तपासणी मात्र उतरवण्याआधीच करा. इंजिन बंद ठेवून मदतनीसाला क्लच दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुलीकडे पाहा. पुली पुढे सरकताना डोळ्याला स्पष्ट दिसली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) झिजलेत. ही मोकळीक मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असायला हवी. इथे क्लचचा कितीही महागडा सेट टाकला तरी फ्लायव्हीलच पुढे पळतं.

पेडल खूप जड झालं असेल तर तेही नोंदवा. झिजलेली प्रेशर प्लेट जास्त जोर मागते, लाइनमधला दाब वाढतो आणि सिलिंडरची सीलं एकामागून एक जातात. सीलं वारंवार जाण्याचं कारण कधीकधी सिलिंडरमध्ये नसतंच.

## टप्पा ९: दुरुस्ती, एकदाच आणि नीट

माझं स्पष्ट मत: वय झालेल्या गाडीत अप्पर आणि लोअर एकत्र बदला. दोन्ही सारखंच ऑइल, सारखीच वर्षं प्यायलेले असतात. एक नवा टाकला की दुसऱ्याची पाळी जवळ आलेली असते. एकच बदलायचा असेल तर निदान पूर्ण लाइन नव्या ऑइलने धुवून घ्या.

किट टाकायचं तर सिलिंडर उघडून आतली भिंत उजेडात पाहा. नखाला लागेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर किट टाकू नका, नवं सील त्यावर घासून महिन्यात जातं. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर पॉलिश पेपरने घासून "साफ" करणंही नको.

आतला सिलिंडर असेल तर क्लच सेट बदलताना तो बदलाच, जुना "अजून चांगला आहे" असं कुणी म्हणालं तरी. बसवण्याआधी तो हाताने दाबून पाहू देऊ नका. गिअरबॉक्स खाली असताना किंवा बाहेरचा लोअर सोडलेला असताना पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर येतो. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकवू नका, प्लेट वाकते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून सुटत नाही.

## टप्पा १०: एअर काढणं

इथेच बहुतेक चांगल्या दुरुस्त्या वाया जातात.

१. नवा अप्पर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच ऑइल भरून, पिस्टन हळू दाबून त्यातली एअर काढा.

२. लोअरचं निप्पल सिलिंडरच्या सर्वात वरच्या बाजूला आहे ना? सिलिंडर उलटा बसला, किंवा पाइपची आणि निप्पलची जागा अदलाबदल झाली, तर एअर कधीच निघणार नाही.

३. टाकी भरा, निप्पलवर नळी लावून तिचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निप्पल उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं ठिबकू द्या. टाकी रिकामी होऊ देऊ नका. अर्धी एअर इथेच निघते.

४. आता पेडल सावकाश दाबा, धरून ठेवा, निप्पल उघडा, बुडबुडे आले की बंद करा, त्यानंतरच पेडल सोडा. पेडल वर येत नसेल तर हाताने उचला. दोन दाबांत काही सेकंद थांबा. जोरजोरात पंप करण्याची सवय सोडा, हवेचा बारीक फेस होतो आणि तो तासन् तास निघत नाही.

५. अप्पर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे जात नाही तिथे सिलिंडरच्या भिंतीवर गंज आणि गाळ असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की सील त्यावरून घासतं. "एअर काढली आणि आठवड्यात अप्पर गेला" यामागे बऱ्याचदा हेच असतं.

६. तरीही पेडल मऊ असेल तर खालून वर पद्धत वापरा. टाकीतलं ऑइल थोडं काढून घ्या आणि मोठ्या स्वच्छ सिरिंजने निप्पलमधून नवं ऑइल हळूहळू वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, म्हणून आतल्या सिलिंडरच्या गाड्यांत ही पद्धत फार उपयोगी. बाहेरच्या लोअरमध्ये निप्पल बंद ठेवून, रॉड हाताने सावकाश पूर्ण आत दाबला तरी अडकलेली हवा टाकीत जाऊन बुडबुडे दिसतात.

निप्पल जोर लावून आवळू नका, तुटलं तर सिलिंडरच बदलावा लागतो.

## टप्पा ११: गाडी ताब्यात घेण्याआधी

टप्पा ५ ची मापं पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. अ आणि क सारखे आले पाहिजेत, ब मध्ये घट नको. पुशरॉडची मोकळीक परत पाहा. ट्रायल घेताना गाडी चांगली तापू द्या, मग रिव्हर्सची तपासणी करा. थंड गाडीवर घेतलेली ट्रायल धरायची नाही.

बदललेले जुने पार्ट मागून घ्या. बूट उलटून आत ओल आहे का, पिस्टनवर ओरखडा कुठल्या बाजूला आहे, सीलची कड फाटलीय की फुगलीय, हे पाहा. फाटलेली कड खराब भिंतीकडे बोट दाखवते, फुगलेली चुकीच्या तेलाकडे.

टाकीवर स्तराची खूण करून ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज, नंतर दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड गाडीवर पाहा. स्तर तसाच आहे आणि अ चं माप घटलं तर हवा आत येतेय, स्तर घटला तर गळती आहे. दोन्ही वेळा टप्पा ४ पासून सुरुवात करा, आणि गॅरेजमध्ये जाताना तो आकड्यांचा कागद सोबत न्या.